घरच्या कपड्यांना खूण नसते

कडकमामांना आताशा मांडी घालून बसणं जिवावर येई. जन्मभर लोकांच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, पण स्वतःची घडी घालायची म्हटली की गुडघे कुरकुरायचे. म्हणून दुपारची इस्त्री आटोपली की ते दुकानाच्या उंबऱ्यावर पाय सोडून बसायचे आणि समोरच्या तळ्याकडे बघायचे. बघायचे म्हणजे काय, डोळे उघडे असायचे आणि समोर तळं असायचं.

कडक हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. त्यांची खळ लागलेली कॉलर आतली मान वाकली तरी वाकत नसे, म्हणून गल्लीतल्या एका वकिलाने चेष्टेत हे नाव पाडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. माणूस मात्र कमालीचा मऊ. कोणी महिनाभर कपडे न्यायला आलं नाही तरी हसणार, कोणी उगाच आवाज चढवला तरी हसणार. मामी म्हणायच्या, "यांनी सगळी खळ लोकांच्या कपड्यांना घातली हो, स्वतःसाठी चमचाभर ठेवली नाही."

पण एका बाबतीत हा मऊ माणूस दगड होता. खूण केल्याशिवाय कापड पाण्यात घालायचं नाही. बापाने शिकवलेलं, बापाला त्याच्या बापाने. गल्लीतल्या प्रत्येक घराची खूण ठरलेली, कापडाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने घातलेली. डॉक्टरांच्या घराची फुली आणि तिच्या शेजारी एक टाका. मास्तरांच्या घराचे आडवे टाके. दोघी बहिणी राहायच्या त्या घराचा त्रिकोण. गंमत अशी की खूण माणसाची नसे, घराची असे. डॉक्टर गेले, त्यांचा मुलगा आला, मुलाचा जावई आला, फुली तीच. आणि ज्याला खूणच नाही ते कापड कडकमामांच्या घरचं. त्यांच्या सदऱ्याला, मामींच्या ओढणीला, पोरीच्या फ्रॉकला कधी खूण पडली नाही. दोरीवर ढीगभर कपडे वाळत असले तरी बिनखुणेचं दिसलं की समजायचं, हे आपलं. मग दुसऱ्याचं कापड बिनखुणेचं ठेवणं म्हणजे काय, तर ते आपलं म्हणून दडपणं. बाप तर त्याला सरळ चोरी म्हणायचा.

आता शहराचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. तळ्याकाठचं हे शहर भलतंच जुनं. दगडी तटबंदी, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं अशा गल्ल्या. तिथल्या लोकांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. भिंतीला ओल येते आणि खिडक्या लागत नाहीत, एवढीच त्यांची तक्रार. मग बाहेरच्या लोकांना कौतुक वाटू लागलं. आधी एक हॉटेल झालं, मग बघता बघता काठ भरून गेला. फिरायला फरसबंद रस्ता झाला, दिवे आले, बाकं आली. दोरे-बटणं विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानात कॉफी मिळू लागली. सुताराच्या दुकानात काचेच्या कपाटात लाकडी होड्या मांडल्या, त्याही लांबच्या कुठल्या तरी कारखान्यात केलेल्या. लोकांनी घरं विकली किंवा भाड्याने दिली आणि ते शहराबाहेरच्या उंच इमारतींत राहायला गेले. तिथे लिफ्ट होती आणि घरोघरी कपडे धुण्याचं यंत्र होतं.

वाईट झालं म्हणायचीही सोय नाही, हे आणखी मोठं दुखणं. नळाला दिवसभर पाणी येऊ लागलं. पूर्वी पोरं चार बुकं शिकली की शहर सोडायची, ती आता इथेच कामाला लागू लागली. पायऱ्यांवर कपडे धुवायला बंदी आली तेव्हा कडकमामांनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. पण मग तळ्याचा साबणी वास गेला, काठाशी तळातले गोटे दिसायला लागले, तेव्हा तेच म्हणाले, "बरोबर आहे की. घाण आपणच करत होतो." त्यांनी दुकानामागे टाकी बांधली, कपडे उकळायची भट्टी आत घेतली आणि पुन्हा कामाला लागले. सगळ्यांचं भलं होत होतं. त्या भल्यात आपण नेमकं कुठे बसायचं, एवढंच त्यांना उमगत नव्हतं.

एके दिवशी दुकानाचे घरमालक येऊन उंबऱ्यावर त्यांच्याशेजारी टेकले. माणूस वाईट नव्हता.

"मामा, तुम्हाला उठवायला मला काय बरं वाटतंय? पण ते आइस्क्रीमवाले हात धुऊन मागे लागलेत. आणि गल्लीत आता घरंच उरली नाहीत हो. तुम्ही धुणार कुणाचं? एखाद्या मोठ्या हॉटेलचं काम मिळवा, मी त्यांना आजच्या आज नाही म्हणतो. नाही जमलं तर हा हंगाम संपला की जागा मोकळी करा."

"बघतो," कडकमामा म्हणाले. दुसरं काय म्हणणार, कपाळ?

पण बघणारं माणूस घरातच होतं. कडकमामांची एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत, आणि तिशी जवळ आली तरी भिंगरीच म्हणत. डॉक्टर, मास्तर आणि दोघी बहिणी यांची तीन घरं आतून भिंती फोडून एक केली होती आणि त्यांचं काठावरचं सगळ्यांत मोठं हॉटेल झालं होतं. तिथे चादरी-टॉवेलांचं कोठार भिंगरीच्या ताब्यात होतं. खोल्या साफ करणाऱ्या बायकांत तिने सुरुवात केली, राखाडी अ‍ॅप्रन घालून. मग अंग मोडून काम करत आणि थोडं तोंडाच्या जोरावर ती कोठारापर्यंत पोचली. राखाडी अ‍ॅप्रन गेला आणि निळा कोट मिळाला, त्या दिवशी कडकमामांनी तो कोट स्वतः इस्त्री करून खुंटीला टांगला आणि जेवता जेवता दोनदा उठून बघून आले. मामी हसल्या तर म्हणाले, "कॉलर नीट बसली का ते बघत होतो."

हॉटेलला तेव्हा नवा धुणारा हवा होता. शहराबाहेर यंत्रांचा मोठा धुलाई कारखाना निघाला होता, त्यांचा माणूस खेपा घालत होता. पण भिंगरीने बापासाठी शब्द टाकला. जवळच्या जवळ काम, कपडे होडीने न्यायचे-आणायचे, गल्लीत गाडी अडकायची भानगड नाही. मॅनेजरला ते पटलं. आठवडाभर काम देऊन बघू म्हणाला.

मॅनेजर तरुण होता, परगावचा, बोलायला गोड. कडकमामांना त्याने आपल्या समोर खुर्ची दिली. खोली ओळखीची वाटत होती म्हणून मामा इकडेतिकडे बघत होते, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की हे डॉक्टरांचं स्वयंपाकघर. इथे मागच्या दाराशी उभं राहून ते गाठोडं सोडायचे.

"मामा, माझी एकच अट आहे," मॅनेजर म्हणाला. "चादरीवर कसलीही खूण नको. आधीचा धुणारा कोपऱ्यात शाईने आकडे लिहायचा. पाहुणे विचारतात, आम्हाला कुणाच्या वापरलेल्या चादरी देता काय? पांढरी म्हणजे पांढरी. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" मामा म्हणाले.

बाहेर आल्यावर भिंगरीने त्यांचा दंड धरला. "बाबा, ऐकलंत ना? एक टाकासुद्धा नाही."

"अगं हो, कान आहेत मला."

"कानांची खात्री आहे हो मला. हातांची नाही."

चादरी आल्या त्या नावाड्याच्या होडीतून. हा नावाडी कडकमामांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या होडीत आता पाहुणे फिरायचे, आणि सहलीच्या कंपनीने दिलेली पांढरी टोपी डोक्यावर ठेवल्याशिवाय त्याला वल्हं मारता येत नसे. पायऱ्यांवर गाठोडी टाकत तो म्हणाला, "कडक्या, घे. सबंध हॉटेलचं अंथरूण आणलंय. यांना झोपायला एवढं लागतं, आणि आपल्याला बाकावर डुलकी लागते."

"आधी टोपी धुवायला टाक," कडकमामा म्हणाले. किती दिवसांनी त्यांना चेष्टा सुचली होती. दुकानात पुन्हा गाठोड्यांचे ढीग लागले, भट्टीचा धूर वर गेला, तेव्हा पाठीतली कळसुद्धा त्यांना जरा ओळखीची वाटली. आठवडाभर नीट निभावलं की झालं. जागा राहील, भट्टी राहील, मरेपर्यंत हाताला काम राहील. याहून जास्त त्यांनी कधी मागितलंही नव्हतं.

आणि तरी सकाळी पहिली चादर हातात घेऊन ते टाकीपाशी उभे राहिले ते उभेच राहिले. पाणी तयार होतं, साबण तयार होता. हात काही पुढे जाईना.

"घाला की," मामी म्हणाल्या.

"लॉजच्या चादरी पण आहेत अगं." एका छोट्या लॉजचं थोडं काम त्यांच्याकडे अजून येत असे. "त्याही पांढऱ्या, ह्याही पांढऱ्या. मिसळल्या म्हणजे?"

"मिसळतील कशा? लॉजच्या चादरींना खूण आहे. काल धुतल्यात, वर दोरीवर आहेत. जिला खूण नाही ती हॉटेलची. इतकं सोपं आहे."

"जिला खूण नाही ती आपली," कडकमामा म्हणाले.

मामींनी कपाळाला हात लावला. पण त्याही त्याच घरात इतकी वर्षं नांदलेल्या. नवऱ्याला काय होतंय ते त्यांना कळत होतं, म्हणून तर राग जास्त येत होता. "अहो, पोरीने हजारदा बजावलंय!"

"आतल्या दुमडीत टाका घालू. बारीकसा. धुऊन, वाळून, इस्त्री झाली की कापून टाकू. कुणाच्या बापाला कळतंय?"

"भिंगरीला कळेल."

"तिला कशाला सांगायचं?"

लाल दोऱ्याचं जुनं रीळ संपलेलं होतं. दोरेवाल्या म्हाताऱ्याचं दुकान तर कधीच कॉफीत बुडालं होतं. हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानातून, जिथे जिने आपले आपण वर जातात तिथून, मामींनी मागे नवं रीळ आणून ठेवलं होतं. छान चकचकीत लाल. कडकमामांनी सुईत ओवलं आणि बसले.  मग सुस्कारा टाकून मामींनीही दुसरी सुई घेतली, कारण एकट्या माणसाला ते दुपारपर्यंत उरकलं नसतं. हात आपोआप चालत होते. अर्धा ढीग झाल्यावर मामींनी नवऱ्याच्या चादरीचा कोपरा उलटून बघितला. फुली आणि शेजारी एक टाका. डॉक्टरांच्या घराची खूण.

"ही कुठून काढलीत?"

"का? त्या घरच्याच आहेत ना चादरी?" कडकमामा म्हणाले. ते खरंच गोंधळले होते.

भट्टीत चादरी चढवल्या, खाली जाळ घातला. नेहमीच्या वेळी मामांनी मोठ्या लाकडी चिमट्याने वरची चादर उचलली. पाणी गुलाबी झालं होतं. एकेक चादर बाहेर येत गेली. दुमडीतल्या त्या एवढ्याशा टाक्याने रंग सोडला होता, तो कोपऱ्याभर पसरला होता, आणि घडीवर घडी बसलेली असल्याने खालच्या-वरच्या चादरीवरही उतरला होता. एकही सुटली नव्हती.

मामी धावत वर गच्चीवर गेल्या, लॉजची चादर ओढून आणली. तिच्यावरची खूण जुन्या दोऱ्याची. किती वर्षांची, किती पाण्यांची, पण लाल ती लालच आणि भोवती पांढरं ते पांढरंच.

"दोरेवाले आजोबा दोरा उकळून द्यायचे," मामी हळूच म्हणाल्या. "आठवतंय का? पहिला रंग घरीच काढून टाकायचे. म्हणायचे, धुणाऱ्याला कच्चा दोरा दिला तर मला झोप लागायची नाही."

कडकमामांना आठवत होतं. म्हणजे आता आठवलं. इतकी वर्षं ते काम दुसराच कुणी तरी मुकाट्याने करत होता, त्यामुळे त्यांना ते लक्षात ठेवायची गरजच पडली नव्हती.

मग दिवसभर जे जे सुचेल ते केलं. सोड्याच्या पाण्यात घातल्या, ब्लीचमध्ये घातल्या, निळीतून काढल्या, उन्हात टाकल्या, पुन्हा उकळल्या. कडकमामांच्या हातांची साल निघाली. रंग फिका झाला, पण गेला नाही. संध्याकाळी दोरीवर चादरी लोंबत होत्या आणि प्रत्येकीवर गुलाबी झाक होती, लहान मुलाच्या अंगावर पुरळ उठावं तशी.

भिंगरी कामावरून थेट दुकानातच आली. दारात उभी राहून तिने दोरीकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गाठोड्यावर बसली आणि निळ्या कोटाची बटणं सोडत म्हणाली, "एकच गोष्ट सांगितली होती, बाबा."

"मी येतो उद्या. मॅनेजरच्या पाया पडतो. चूक माझी आहे, मी सांगतो."

"तुम्ही नका येऊ. मी बघते."

"अगं पण..."

"मी बघते म्हणाले ना!" तिचा आवाज चिरकला. मग ती उठली, बापाचे हात उलटे करून तिने ती निघालेली साल बघितली आणि आईला म्हणाली, "यांना तेल लाव काही तरी."

पुढे काय झालं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. काम कारखान्याला दिलं. चादरी बदलून द्यायला नकोत म्हणाले. त्यापुढे विचारायची कुणाची छाती झाली नाही. ती सकाळी लवकर जायला लागली, उशिरा यायला लागली. जेवता जेवता तिची मान कलायची. खुंटीवर निळा कोट दिसेना. मामींनी विचारलं तर म्हणाली, "तिकडेच ठेवते." एका जागी न ठरणारी ती पोर, पण घरी आली की भिंतीला टेकून बसायची ती पाणी प्यायलाही उठायची नाही.

कडकमामांना मात्र चैन नव्हतं. त्या चादरी त्यांनी पुन्हा पुन्हा धुतल्या. दुसऱ्याची वस्तू घरात पडून होती, हे त्यांना घास उतरू देईना. शेवटी एके दिवशी भिंगरी कामावर गेलेली बघून त्यांनी गाठोडी बांधली, नावाड्याला हाक मारली आणि हॉटेलच्या मागच्या पायऱ्यांशी उतरले. माफी मागायची आणि चादरी परत द्यायच्या, एवढंच ठरवलं होतं.

मॅनेजरने त्यांना उभ्याउभ्याच, पण आदराने वागवलं. "मामा, अहो कशाला त्रास घेतलात? चुका होतात. आणि तुमचा त्यात काय दोष? तुमच्या मुलीने मला सगळं खरं सांगितलं. म्हणाली, बाबा नको म्हणत होते, मीच त्यांना खूण घालायला सांगितली, चादरी हरवू नयेत म्हणून. आपणहून कबूल केलं, ते मला आवडलं. म्हणून तर तिला ठेवलं. कोठार मात्र आता तिच्याकडे ठेवता येत नाही, हे तुम्हालाही पटेल."

कडकमामांनी तोंड उघडलं. त्याच वेळी आतलं दार ढकलून एक ढकलगाडी बाहेर आली. तिच्यावर बादल्या, फडकी, वापरलेले टॉवेल, आणि मागे भिंगरी. अंगावर राखाडी अ‍ॅप्रन. बापाला बघून ती थबकली. मॅनेजरची पाठ होती तिच्याकडे. तिने मान हलवली, इकडून तिकडे, जराशीच.

 आता बोलावं तर पोरगी खोटारडी ठरते, आणि आहे ती चाकरीही जाते. न बोलावं तर चूक त्यांची आणि ती तिच्या अंगावर. दुसऱ्याचा हातरुमालसुद्धा ज्यांनी कधी आपला म्हटला नाही, त्यांनी स्वतःची चूक तेवढी दुसऱ्याच्या नावाने तिथे ठेवून दिली. तोंड मिटलं. मॅनेजरला वाटलं, म्हातारा गहिवरला. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि तो निघून गेला.

मागच्या पायऱ्यांवर भिंगरी दोन मिनिटं त्यांच्याजवळ उभी राहिली.

"का गं असं केलंस?"

"मला वाटलं, चूक माझी म्हटलं तर धुणारा तर चांगलाच ठरतो. मग तुम्हाला आणखी एकदा काम देऊन बघतील." तिने केस मागे सारले. "नाही दिलं. झालं. आता तेच किती दळायचं?"

"मी आत्ता जाऊन खरं सांगतो."

"काही सांगू नका, बाबा. माझ्यात आता दुसरं काम शोधायची ताकद नाही." ती रागावली नव्हती, नुसती थकलेली होती, आणि तेच त्यांना सहन होईना. "घरी जा. माझ्या अजून वरच्या सगळ्या खोल्या राहिल्यात."

परतताना नावाड्याने एकदा दोस्ताच्या तोंडाकडे बघितलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. 

हंगाम संपला. दुकान रिकामं करायला फारसा वेळ लागला नाही. टाकी फोडली, भट्टी भंगारवाल्याने नेली. घरमालक जातीने आले, सामान उचलू लागले, पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "मामा, मनात काही ठेवू नका." कडकमामांच्या मनात खरंच काही नव्हतं. मनात काही ठेवायलाही अंगात जोर लागतो. इस्त्री तेवढी त्यांनी घरी आणली. मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत खिडकीखाली ठेवली आणि येईल त्याचे चार कपडे करायचे ठरवलं. यायचं कोणी नाही, ते त्यांनाही माहीत होतं. दुकानाच्या जागी थंड काचेमागे रंगीबेरंगी आइस्क्रीम आलं, बाहेर रांगा लागल्या. येताजाता लोक म्हणायचे, जागेचं सोनं झालं. झालंच होतं.

एके संध्याकाळी भिंगरी आली, अ‍ॅप्रन खुंटीला अडकवला आणि तशीच भिंतीशी आडवी झाली. मामींनी तिच्या अंगावर चादर घातली. कडकमामा अ‍ॅप्रनकडे बघत बसले. पोरगी आपल्यामुळे या अ‍ॅप्रनात परत आली. निदान तो तरी स्वच्छ असावा, कडक असावा, बाकीच्या बायकांत तिचा उठून दिसावा. एवढं अजून आपल्या हातात आहे. कितीतरी दिवसांनी ते कुणी न सांगता उठले. बादलीत पाणी काढलं, बाही सारली, अ‍ॅप्रन खाली घेतला.

मानेपाशी आतून काही तरी टोचलं. त्यांनी उलटून बघितलं. बोटभर पांढरी पट्टी होती, तिच्यावर आकडे आणि खाली कारखान्याचं चिन्ह. चारी बाजूंनी मशीनने शिवलेली.

ते तसेच उभे राहिले. त्यांच्या घरात, त्यांच्या खुंटीवर, त्यांच्या पोरीच्या अंगावरचं कापड आणि त्याला दुसऱ्या धुणाऱ्याची खूण. आजवर कधी असं झालं नव्हतं.

"काय झालं हो?" मामींनी विचारलं.

भिंगरीने डोळे न उघडताच सांगितलं, "बाबा, तो धुवू नका. तो तिकडेच जातो धुवायला, कारखान्यात. घरी धुतलेला चालत नाही."

"बरं," कडकमामा म्हणाले.

त्यांनी बादलीतलं पाणी ओतून दिलं. अ‍ॅप्रन झटकला, खांद्याशी खांदा जुळवून खुंटीला लावला आणि जाता जाता त्या पट्टीवरून एकदा अंगठा फिरवला. नख घालून बघितलं. काही सैल नव्हतं.

"टाका पक्का आहे गं," ते म्हणाले. "रंग नाही सोडायचा."

पण भिंगरीला झोप लागली होती.